रीबूटआधी एफस्टॅब तपासा: नवी डिस्क कायमची जोडण्याचा क्रम आणि मशीन अडकल्यावर करायच्या गोष्टी

नवी डिस्क लावली, `/इटीसी/एफस्टॅब` फाइलमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क कुठे जोडायच्या याची यादी) एक ओळ टाकली, मशीन रीबूट केलं, आणि लॉगिनच्या जागी काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडचा संदेश आला. लिनक्सवर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि बहुतेक वेळा ओळीतली चूक किरकोळ असते. खरी गडबड क्रमात असते. ओळ बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठीच लोक रीबूट करतात. चालू मशीनवर पाच मिनिटांत होणारी तपासणी मग बंद पडलेल्या मशीनवर करावी लागते.

खालचा क्रम सिस्टिमडी (बूट होताना डिस्क जोडणारा आणि सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या वितरणांसाठी आहे: उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च आणि त्यांच्या जवळची. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. चिन्हं आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा.

## टप्पा ०: हात लावण्याआधी

फाइलची प्रत आधी काढा, नंतर नाही:

`सुडो सीपी -ए /इटीसी/एफस्टॅब /इटीसी/एफस्टॅब.बॅक`

मशीन दूर कुठेतरी असेल आणि तुम्ही एसएसएचने आत शिरत असाल, तर थांबा. इमर्जन्सी मोडमध्ये नेटवर्क आणि एसएसएच चालू नसतात. त्या मशीनचा कन्सोल तुम्हाला दुसऱ्या मार्गाने उघडता येतो का, हे आत्ताच उघडून बघा. होस्टिंगच्या पॅनेलवर कन्सोलचं बटण आहे एवढं पुरेसं नाही. त्यावर लॉगिनचा प्रॉम्प्ट दिसला पाहिजे.

रूट खात्याला, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याला, पासवर्ड आहे का, तेही बघून घ्या:

`सुडो पासडब्ल्यूडी -एस रूट`

यातला 'एस' मोठा. उत्तराच्या दुसऱ्या रकान्यात 'एल'ने सुरू होणारं काही दिसलं तर खातं कुलूपबंद आहे. उबुंटूवर सहसा तसंच असतं. एरवी काही बिघडत नाही, पण इमर्जन्सी मोड रूटचाच पासवर्ड मागतो. त्यामुळे एकतर रूटला पासवर्ड द्या, नाहीतर टप्पा ७ आधी वाचून ठेवा. शिवाय एक लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स सुरू होतं) तयार असू द्या.

## टप्पा १: योग्य डिस्क ओळखा

`एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,एफएसटाइप,माउंटपॉइंट`

नुसतं एसडीए, एसडीबी हे नाव बघून पुढे जाऊ नका. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ही नावं पडतात. आजची एसडीबी पुढच्या बूटला एसडीसी होऊ शकते. आकार, मॉडेल आणि डिस्कवरच्या लेबलशी जुळणारा सिरियल क्रमांक, असं तिन्ही जुळू द्या. ४ टीबीची डिस्क इथे ३.६टी अशी दिसली तर डिस्कमध्ये दोष नाही. उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि ही कमांड १०२४ च्या पटीत.

डिस्कवर आधीचं काही आहे का, ते असं कळतं:

`सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी`

सावधान: ही कमांड काहीही पर्याय न देता चालवली तर डिस्कवर सापडलेल्या खुणा फक्त दाखवते. `-ए` जोडलंत तर त्याच खुणा पुसून टाकते. जुन्या कमांडवर वरचा बाण दाबून परत येण्याची सवय असेल, तर एंटर दाबण्याआधी ओळ पूर्ण वाचा.

## टप्पा २: पार्टिशन आणि फाइल सिस्टिम

डिस्कवर हवा असलेला डेटा असेल तर हा टप्पा पूर्ण सोडून द्या.

कोरी डिस्क असेल तर `सुडो सीएफडिस्क /डेव्ह/एसडीबी` चालवा, प्रकार विचारला की जीपीटी निवडा, एक पार्टिशन करा, 'राइट' म्हणा, बाहेर पडा. जुना एमबीआर प्रकार ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टीबीपर्यंतच पोचतो, म्हणून जीपीटीच. मग:

`सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -एल डेटा /डेव्ह/एसडीबी१`

इथे `-एम` लहान, `-एल` मोठा. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते शहाणपणाचं आहे, पण ४ टीबीच्या निव्वळ डेटा डिस्कवर २०० जीबी अडकून पडतात. `-एम ०` त्यासाठी आहे.

शेवटचा १ विसरला की पार्टिशनऐवजी अख्ख्या डिस्कवर फाइल सिस्टिम बसते. एनव्हीएमई डिस्कवर पार्टिशनच्या आकड्याआधी 'पी' येतो, तोही लक्षात असू द्या. इथे आधीपासून फाइल सिस्टिम आहे, तरी पुढे जाऊ का, असा प्रश्न कमांडने विचारला तर हो म्हणण्याआधी टप्पा १ वर परत जा. कोऱ्या डिस्कवर तो प्रश्न येत नाही.

## टप्पा ३: आधी हाताने माउंट करा

माउंट करणं म्हणजे डिस्क एखाद्या डिरेक्टरीवर जोडणं. एफस्टॅबला अजून हात लावायचा नाही.

`सुडो एमकेडीआयआर /डेटा`

`सुडो सीएचएटीटीआर +आय /डेटा`

`सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /डेटा`

मधली ओळ बहुतेक जण टाकत नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या लेखातली ती सर्वांत उपयोगी ओळ आहे. माउंट पॉइंट म्हणजे मूळ डिस्कवरची एक साधी रिकामी डिरेक्टरी. एखाद्या दिवशी नवी डिस्क जोडलीच गेली नाही, तर बॅकअपची स्क्रिप्ट निमूटपणे त्या डिरेक्टरीत, म्हणजे मूळ डिस्कवर, लिहीत बसते. ती डिस्क भरली की मशीन कोलमडतं. पुढे नवी डिस्क नीट जोडली की तिच्याखाली त्या फाइली झाकल्या जातात, आणि जागा कुठे गेली ते `डीयू` चालवूनही सापडत नाही. `+आय` लावलेल्या रिकाम्या डिरेक्टरीत रूटलासुद्धा फाइल बनवता येत नाही. त्यामुळे डिस्क नसेल तर स्क्रिप्ट लगेच एरर देते. वर डिस्क माउंट झाली की या खुणेचा काही अडथळा होत नाही.

तपासणी: `फाइंडएमएनटी /डेटा` चालवा. डिस्कचं नाव, प्रकार आणि पर्याय दाखवणारी एक ओळ आली पाहिजे. `एलएस /डेटा` केल्यावर नव्या ईएक्सटी४वर `लॉस्ट+फाउंड` ही डिरेक्टरी दिसते. ती दिसत नसेल तर तुम्ही अजून मूळ डिस्कवरच आहात.

मालकी आता बदला, माउंट झाल्यानंतर:

`सुडो सीएचओन युजरनाव:युजरनाव /डेटा`

माउंटआधी दिलेली मालकी खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला लागते आणि डिस्क वर आली की झाकली जाते. 'मी मालकी दिली तरी परमिशन डिनाइड येतं' यामागे बहुधा हाच उलटा क्रम असतो.

## टप्पा ४: ओळ लिहा

डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, हाताने टाइप करू नका. तो सरळ फाइलच्या शेवटी जोडा, मग त्याच्याभोवती ओळ बांधा:

`सुडो बीएलकेआयडी -एस यूयूआयडी -ओ व्हॅल्यू /डेव्ह/एसडीबी१ | सुडो टी -ए /इटीसी/एफस्टॅब`

यूयूआयडी ही चारही अक्षरं मोठी, बाकी सगळी लहान. 'टी' ही कमांड तीन अक्षरांची, शेवटी दोन 'ई'.

सावधान: `टी`नंतरचा `-ए` गळला तर फाइलच्या शेवटी भर पडण्याऐवजी अख्खी एफस्टॅब पुसली जाऊन तिच्यात फक्त एक यूयूआयडी उरतो. असं झालं तर रीबूट न करता टप्पा ० मधली प्रत परत ठेवा.

आता `सुडो नॅनो /इटीसी/एफस्टॅब` उघडून ती ओळ अशी करा:

`यूयूआयडी=इथे-तुमचा-यूयूआयडी /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० २`

सहा रकाने आहेत: काय, कुठे, कोणता प्रकार, पर्याय, डंप, आणि तपासणीचा क्रम. पाचवा शून्यच ठेवा. सहाव्यात मूळ डिस्कला १ आणि ईएक्सटी४च्या इतर डिस्कना २ असतो. एक्सएफएस आणि बीटीआरएफएसला ० द्या, कारण बूटच्या वेळची तपासणी त्यांच्यावर काहीच करत नाही.

या ओळीत ठरलेल्या चार चुका होतात.

पहिली, पार्टयूयूआयडी उचलणं. नुसती `बीएलकेआयडी` चालवली तर एकाच ओळीत यूयूआयडी आणि पार्टयूयूआयडी दोन्ही येतात. जीपीटी डिस्कवर दोन्ही ३६ अक्षरांचे, मधे चार हायफन, दिसायला सारखेच. एक फाइल सिस्टिमचा, दुसरा पार्टिशनचा. वरची कमांड नेमका पहिलाच देते, ती वापरण्याचं मुख्य कारण हेच.

दुसरी, पर्यायांमध्ये स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडणं. लिहिताना हात आपसूक स्पेसबारवर जातो. पण इथे मोकळी जागा म्हणजे पुढचा रकाना, आणि तिथून पुढे सगळं एक घर सरकतं.

तिसरी, माउंट पॉइंटच्या नावात मोकळी जागा असणं. ती तशीच लिहिता येत नाही, तिच्या जागी `\०४०` लिहावं लागतं. त्यापेक्षा नावच बदला.

चौथी, डिस्क पुन्हा फॉरमॅट केल्यावर जुनीच ओळ ठेवणं. फॉरमॅट केलं की यूयूआयडी नवा होतो. स्वॅप पार्टिशनवर `एमकेस्वॅप` पुन्हा चालवलंत तरी तसंच.

## टप्पा ५: चालू मशीनवर परीक्षा

डिस्क टप्पा ३ पासून माउंट आहे. ती तशीच ठेवून `माउंट -ए` चालवलं तर कमांड 'ही तर जोडलेलीच आहे' असं समजून पुढे जाते, एरर येत नाही, आणि ओळ बरोबर असल्याचा खोटा दिलासा मिळतो. म्हणून आधी काढा:

`सुडो युमाउंट /डेटा`

या कमांडच्या स्पेलिंगमध्ये 'यू'नंतर 'एन' नाही. टार्गेट बिझी असा एरर आला तर बहुधा तुम्ही स्वतःच त्या डिरेक्टरीत उभे असता. `सीडी /` करून बाहेर या. तरीही येत असेल तर `सुडो फ्यूझर -व्हीएम /डेटा` कोणती प्रोसेस अडवून बसली आहे ते सांगते.

मग या क्रमाने:

`सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय`

`सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड`

`सुडो माउंट -ए`

`फाइंडएमएनटी /डेटा`

पहिली कमांड फाइल वाचून माउंट पॉइंट आहे का, डिस्क सापडते का, प्रकार जुळतो का ते बघते आणि काहीही माउंट करत नाही. तिने दाखवलेला प्रत्येक एरर निस्तरल्याशिवाय खाली उतरू नका.

दुसरी कमांड का लागते? सिस्टिमडी एफस्टॅब थेट वापरत नाही. तिच्यावरून तो स्वतःच्या माउंट युनिट (प्रत्येक जोडणीची एक नोंद) तयार करतो, आणि पुढे त्याच धरून चालतो. ओळ बदलली आणि रीलोड केलं नाही, तर त्याच्याकडे जुनी माहिती राहते. त्यातून एक चमत्कारिक लक्षण उद्भवतं: `माउंट` कसलाही एरर न देता संपतं, पण डिरेक्टरी रिकामी! तुम्ही डिस्क जोडता, आणि जुन्या युनिटमधली डिस्क आता अस्तित्वात नाही म्हणून सिस्टिमडी ती त्याच क्षणी काढून टाकतो. बदललेल्या डिस्कवर तासन्‌तास घालवणारे लोक बहुतेक इथेच अडकलेले असतात.

तपासणी: शेवटच्या कमांडने डिस्कची ओळ दाखवली आणि `एलएस /डेटा`त `लॉस्ट+फाउंड` दिसलं, तरच पुढे.

## टप्पा ६: नोफेल, पण आत्ता

डेटा डिस्कवाचून मशीन सुरू होऊ शकत असेल तर चौथा रकाना आता असा करा:

`डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०`

हे टप्पा ४ मध्येच का सांगितलं नाही? कारण `नोफेल` असताना डिस्क सापडली नाही तर `माउंट -ए` तक्रार करत नाही. चुकीचा यूयूआयडी असतानाही परीक्षा पास झाल्यासारखी वाटते. आधी कडक परीक्षा, मग सवलत.

`नोफेल` नसेल तर सिस्टिमडी डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि मग मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. वरच्या टाइमआउटने ही वाट १० सेकंदांवर येते. झोपेतून जागी व्हायला वेळ घेणाऱ्या बाहेरच्या डिस्कला १० कमी पडू शकतात. तिथे ३० द्या.

`नोफेल`ची एक किंमत आहे. मशीन आता डिस्कसाठी थांबत नाही, म्हणजे त्या डिस्कवर डेटा ठेवणारी सर्व्हिस डिस्क येण्याआधीच सुरू होऊ शकते. डेटाबेस असा रिकाम्या डिरेक्टरीवर सुरू झाला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. `सुडो सिस्टिमसीटीएल एडिट सर्व्हिसनाव` चालवून `[युनिट]` या शीर्षकाखाली ही ओळ टाका:

`रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा`

इथे 'युनिट'मधला 'यू', आणि खालच्या जोडशब्दातल्या रिक्वायर्स, माउंट्स, फॉर या प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. आता ती सर्व्हिस डिस्क आल्याशिवाय सुरूच होणार नाही.

टप्पा ५ मधला क्रम `युमाउंट`पासून पुन्हा एकदा पूर्ण चालवा. सगळं स्वच्छ आलं की रीबूट करा, आणि वर आल्यावर `फाइंडएमएनटी /डेटा` बघा.

## टप्पा ७: मशीन अडकलंच तर

आधी पडदा वाचा. स्टार्ट जॉब चालू आहे, १ मिनिट ३० सेकंद, असा मोजणारा आकडा दिसत असेल तर त्याच ओळीत ज्याची वाट बघितली जाते आहे त्या डिस्कचा यूयूआयडी असतो. फोनवर फोटो काढा. वीज बंद करू नका. वेळ संपू द्या.

पासवर्ड मागितला तर: रूटचा पासवर्ड द्या आणि कारण शोधा:

`जर्नलसीटीएल -एक्सबी`

मोठा 'जी' दाबून शेवटी जा आणि वर सरका. माउंट किंवा टाइमआउटबद्दलची लाल ओळ शोधा. यूयूआयडीमधल्या हायफनच्या जागी `\एक्स२डी` असं काहीतरी दिसेल. ती बिघाडाची खूण नाही, सिस्टिमडीची लिहिण्याची पद्धत आहे. तो यूयूआयडी `एलएसबीएलके -एफ`मध्ये नसेल तर चूक सापडली.

फाइल सेव्ह होताना ती फक्त वाचता येते असा एरर आला तर आधी:

`माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /`

मग एफस्टॅबमधल्या चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला `#` टाका. ओळ खोडू नका, नंतर दुरुस्त करायला लागेल. `सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड` करा, `सिस्टिमसीटीएल डिफॉल्ट` म्हणा. मशीन रीबूट न होता पुढे सुरू होतं.

रूट खातं कुलूपबंद आहे असं म्हणून अडलं तर: रीबूट करून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूट प्रोग्रामचा) मेन्यू आणा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआयवर एस्केप एकदाच दाबा. घाईने अनेकदा दाबलं तर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तिथे `नॉर्मल` टाइप करून एंटर, आणि लगेच पुन्हा एस्केप. मेन्यूत पहिल्या नोंदीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातला सुटा `आरओ` बदलून `आरडब्ल्यू` करा आणि ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून:

`इनिट=/बिन/बॅश`

कंट्रोल आणि एक्स दाबा. हा बदल या एका बूटपुरताच असतो. शेल मिळालं की एफस्टॅब दुरुस्त करा. फेडोरा किंवा एसइलिनक्स वापरणाऱ्या इतर वितरणांवर `टच /.ऑटोरीलेबल` हेही चालवा; पुढचा बूट त्यामुळे लांबतो, घाबरू नका. शेवटी:

`सिंक`

`रीबूट -एफ`

इथे साधं `रीबूट` चालत नाही, कारण ते ऐकायला सिस्टिमडी सुरूच झालेला नसतो. आणि `सिंक` गाळू नका, सक्तीच्या रीबूटमध्ये तुमची दुरुस्ती डिस्कवर पोचलेली नसू शकते.

ग्रबपर्यंतही जाता येत नसेल तर लाइव्ह यूएसबीने सुरू करा, मूळ पार्टिशन `/एमएनटी`वर माउंट करा आणि `/एमएनटी/इटीसी/एफस्टॅब` दुरुस्त करा. सवयीने `/इटीसी/एफस्टॅब` उघडलीत तर ती यूएसबीवरच्या लिनक्सची फाइल असते. तिच्यात तुमच्या डिस्कच्या ओळी नसतातच, हीच ओळखण्याची खूण.

## टप्पा ८: उरलेली लक्षणं

*रॉंग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक* असा एकत्रित एरर फार मोघम असतो. लगेच `सुडो डीएमईएसजी | टेल` बघा, कर्नलने खरं कारण तिथे लिहिलेलं असतं. फाइल सिस्टिम खराब वाटली तर आधी `युमाउंट`, मग ईएक्सटी४वर `एफएससीके`, एक्सएफएसवर `एक्सएफएस_रिपेअर`. माउंट असलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली तर होता तो डेटाही जाऊ शकतो.

*विंडोजची एनटीएफएस डिस्क जोडली जात नाही किंवा फक्त वाचता येते*: विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद झालेलं नसतं. फास्ट स्टार्टअप विंडोजमध्येच बंद करा. एनटीएफएस आणि फॅटवर `सीएचओन`ने मालकी बदलण्याच्या भानगडीत पडू नका; चौथ्या रकान्यात `यूआयडी=` आणि `जीआयडी=` द्या.

## टप्पा ९: डिस्क काढताना

एफस्टॅबमधली ओळ आधी काढा, मग `सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड`, मग `सुडो युमाउंट /डेटा`, आणि सगळ्यात शेवटी केबल. टप्पा ६ मधली ओळ एखाद्या सर्व्हिसला दिली असेल तर तीही काढा. रिकामी `/डेटा` डिरेक्टरी `आरएमडीआयआर`ने जात नसेल आणि सुडो लावूनही नकार येत असेल, तर टप्पा ३ मधली खूण अजून लागलेली आहे: `सुडो सीएचएटीटीआर -आय /डेटा`, मग काढा.